डावीकडचा क्लच

आधीच सांगतो, या सदरातले निम्मे अनुभव मला थापा वाटतात. पांढरी साडी, उलटे पाय, आडरानात बंद पडलेली बाईक... अरे, प्लग साफ करा ना! मी चिकलठाण्यात सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. गाडीचं वाटोळं भुतं करत नाहीत, चालवणारा करतो.

आमच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी डावीकडे जादा क्लच-ब्रेक असतात. तिथून दाबले की शिकणाऱ्यापुढचे पेडलही खाली जातात. माझ्या गाडीतले लतीफ उस्तादांनी बसवलेले; त्यातला क्लच दाबला की कर्र वाजायचा. मला गाडी त्यांनीच शिकवली. घाबरून पेडलवरचे पाय काढणाऱ्यांना मी सरळ खाली उतरवतो – रिक्षा पकड, घरी जा! उस्तादांनी कधी कुणाला उतरवलं नाही. "डरता है तो डरने दे, मैं बैठा हूँ ना," म्हणायचे. मला ते फालतू लाड वाटायचे. ते वारून सहा वर्षं झाली.

दसऱ्यानंतर गाडी विकायला काढली. शिकाऊ गाडी म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून डावीकडचे पेडल काढून भंगारवाल्याला दिले. त्याच आठवड्यात बायकोला, सुनंदाला, घेऊन भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेलो. परत येताना दुपार होती. ती मागच्या सीटवर मधोमध बसलेली.

दौलताबादचा घाट लागला आणि मी गाडी न्यूट्रल केली. का? तर म्हणे पेट्रोल वाचतं! हेच करणाऱ्या जीपवाल्यांना मी जन्मभर गाढव म्हणत आलोय. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर... ब्रेक तापले, आणि तिसऱ्या वळणाआधी ब्रेकचा पेडल थेट तळाला गेला.

अशा वेळी काय करायचं हे मी हजारदा घोकून घेतलंय – ब्रेक पंप करा, एकेक गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा, इंजिन बंद करू नका. त्यातलं एक आठवेल तर शपथ! समोर वळणावर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया, पलीकडे दरी.

"अहो, थांबवा ना!" सुनंदा ओरडली.

तेवढ्यात क्लच खाली गेल्याचा आवाज आला... तोच ओळखीचा, कर्र. हात आपसूक तिसऱ्या गिअरवर गेला. इंजिन गुरगुरलं, वेग तुटला. पुन्हा कर्र – दुसरा गिअर. मग हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घासली. बायांच्या दहा पावलं अलीकडे थांबली.

"बघितलंस?" मी म्हणालो. "याला ड्रायव्हर म्हणतात."

सुनंदानं माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "कशाचं ड्रायव्हर! पाय तर मागं ओढून घेतले व्हते तुम्ही. मी वाकून बघत व्हते ना... तो क्लच आपला आपणच खाली-वर व्हत व्हता!"

मी खाली पाहिलं. माझे पाय अजून सीटखाली आखडलेले होते. मग डावीकडे वाकलो. तिथं बोल्टची चार भोकं, बाकी काही नाही.

आमचा मेकॅनिक म्हणतो, "पाय तुमचेच असणार, वहिनी घाबरल्या व्हत्या." असेलही. पण घाबरलं कोण होतं हे मला ठाऊक आहे. बाकीचं तुमच्या थापांसारखं मी रचणार नाही.

गाडी विकली नाही. पेडल परत आणून बसवले. परवा एका मुलीनं सिग्नलला घाबरून दोन्ही पाय उचलले. उतर म्हणायला तोंड उघडलं... आणि डावीकडचा क्लच दाबला.

"घाबर खुशाल," म्हणालो. "मी बसलोय ना."