हिरव्या कणांचा दगड

सातपुते सर दगड चाटायचे. ओला केला की कण नीट दिसतात म्हणे. कॉलेजात दगडांचा विषय शिकवून निवृत्त झालेले, चाकणजवळ आमच्या गावात माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. चहा पांचट झालाय, हेसुद्धा तोंडावर सांगायचे.

घरामागच्या टेकडीवर तेव्हा खडीवाल्याचा डोळा होता. टेकडी फुटली की पायथ्याची माझी विहीर जाणार, हे उघड होतं. एकदा सर म्हणाले, "बाई, टेकडीचा दगड आणून द्याल? माझे गुडघे चढत नाहीत." मी विहीर खणताना निघालेल्या ढिगातला उचलून दिला. आमच्या लेखी दोन्ही एकच.

त्यांनी तो कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ घासला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि कण मोजत बसले. पांढऱ्या काड्या फेल्डस्पारच्या, काळपट ते पायरोक्सीन, हिरवं ते ऑलिव्हीन. ऐकून ऐकून मला पाठ झालं. "नेहमीच्या काळ्या दगडात एवढं ऑलिव्हीन नसतं. हा पिक्राइट. दुर्मिळ आहे." गावाने लगेच अर्ज केला, टेकडी फोडू नका. खडीवाल्याचं काम अडलं.

पण हा माणूस गुडघे बांधून स्वतः टेकडी चढला. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे, शिवाय विहिरीच्या ढिगातले तुकडे आणून आठवडाभर मोजत बसला. मग म्हणाला, "टेकडी साधा बेसाल्ट आहे, नेहमीचा काळा दगड. लाव्हा पातळ होता तेव्हा जड ऑलिव्हीन तळाशी बसलं. तो हातभर थर तुमच्या विहिरीत लागला, तुम्ही दिलेला दगड त्यातला, एवढंच."

"मंग गप बसा की. कोन इचारतंय तुमाला?"

"मोजल्यावर मला दुसरं नाव देता येत नाही, बाई."

अर्जाच्या सुनावणीला मी साहेबासमोर धडधडीत सांगितलं, दगड टेकडीचाच हाय. सर उठले. "दगड विहिरीचा आहे. जागा न बघता मी नाव दिलं. चूक माझी." चूक स्वतःवर घेतली, त्याचा मला जास्तच राग आला. त्याच संध्याकाळी त्यांची ट्रंक मी अंगणात काढून ठेवली.

टेकडी गेली. विहीर आटली. सर रहाटणीला मुलीकडे वारले. मी गेले नाही.

परवा सुरुंगाने घरांना तडे गेले का, ते बघायला माणूस आला. तडे नवे असले तर खडीवाल्याकडून भिंत बांधून मिळणार होती. माझ्या मुलाने आधीच बजावलं होतं, "आये, नवं हायेत म्हन."

माणसाने तड्यावर बोट ठेवलं. "आजी, हे सुरुंगाआधीचे की नंतरचे?"

"आधीचे," मी म्हटलं.

मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. सातपुत्यांना मी रोज शिव्या घालते.