कोबुर्गचे सर

"आपले पेडणं आणि डिचोली तालुके जोडा, झालं कोबुर्ग!" असं म्हणत आमच्या शाळेतले इतिहासाचे सर युरोपच्या नकाशावर तळहात ठेवायचे. जर्मनीतलं ते चिमुकलं ड्यूकचं राज्य हाताखाली पार झाकून जायचं.

गोव्यात साखळीच्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो. सर पोर्तुगीज अमदानीत पणजीला शिकलेले. एवढ्याशा घराण्यातली मुलं सोयरिकी करत करत पोर्तुगाल, बेल्जियम, इंग्लंडच्या राजवाड्यांत कशी पोचली, हे ते लग्न ठरवायला बसल्यासारखं रंगवून सांगत. "फौज नाही, आरमार नाही, नुसते देखणे जावई!" आणि स्वतःच हसत सुटत. अभ्यासक्रमात कोबुर्ग नव्हतंच. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील.

निवृत्तीनंतर सरांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय थोडे सावरले, पण मराठी गेली, घरातली बोलीही गेली. उरली ती फक्त पोर्तुगीज, आणि ती घरात कुणालाच येत नव्हती.

मी गेलो की ते भरभरून बोलत, उत्तराची वाट बघत. मी नुसता मान हलवायचो. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, विचारत, "तुमका तरी कळता काय हो, ह्ये काय म्हणतत?"

शेवटी म्हापशाहून पूर्वी पोर्तुगीज शिकवणाऱ्या एका वृद्ध बाईंना आणलं. दोन वाक्यांतच सरांचा चेहरा उजळला.

"शेवटच्या ड्यूकला गादी सोडावी लागली, ते सांगतायत," बाई म्हणाल्या.

"आणि माझा काय?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी तसं विचारलं. सर वहिनींकडे बघत सावकाश बोलले.

"तुझं बोलणं त्यांना समजत नाही, म्हणतात. पण तू बोलायची थांबू नको. तू गप्प झालीस की भीती वाटते त्यांना."

मग वहिनी बोलतच राहिल्या. लाटंबार्सेच्या माहेरचे काजू, शेजारणीची म्हैस, महागलेले बांगडे. सर त्यांच्या ओठांकडे बघत बसायचे.

राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून तेव्हा गोव्यात रान पेटलं होतं. अशातच एका सकाळी सरांना धाप लागली. वहिनींचा हात धरून ते काहीतरी सांगू लागले, पुन्हा पुन्हा तेच. मी बाईंना आणायला मोटारसायकल काढली. पण रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, पुढे जमाव. डिचोलीपाशीच मला परत फिरवलं.

आलो तर सर अजून बोलत होते, पण आवाज बसला होता. मी कान जवळ नेला. एक शब्दही कळला नाही.

वहिनी मात्र त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

"होय, होय," म्हणत होत्या. "करतंय मी. तुमी सांगतात तसाच करतंय."