दुपारच्या उन्हाचे वाटे

आमच्या टोकेलाऊ बेटांवर मासळी किनाऱ्यावर आली की घरटी सारखे वाटे पडतात. वाटे घालायचा मान तेलेसियाकाकूचा. बेटावर सोलरची पॅनेलं बसली, डिझेलचं इंजिन कायमचं थांबलं, आणि बसवणारा सहज बोलून गेला, "दुपारी बॅटऱ्या भरल्या की उरलेली वीज वायाच जाते."

"वाया? आमच्या बेटावर?" काकू उखडली आणि तिनं थेट वाट्यांची हाळी दिली. अख्खं गाव टोपल्या घेऊन धावलं.

"टोपल्यांत ऊन भरणार का, मेल्यांनो? इस्त्र्या काढा!"

मग काय! शर्ट झाले, चादरी झाल्या, पाद्रीबाबांचा झगा झाला, तेवढ्यानं भागेना म्हणून अंथरायच्या चटयांवरही इस्त्री फिरली. हसून हसून आमची पोटं दुखली.

इंजिन चालवणारा फिलिपोकाका, काकूचा नवरा, तेवढा घरात रुसून बसला होता. पण वाटा कुणाचाच चुकवायचा नसतो. काकूनं त्याचा शर्ट धुऊन, कडक इस्त्री करून त्याच्या हातात ठेवला.

काकानं तो हुंगला. पुन्हा हुंगला.

"तेलेसिया, हा माझा नव्हे. ह्याला डिझेलचा वास कुठाय?"