मधले साडेचारशे किलोमीटर

याश या आपल्या शहरातून इटलीतल्या तोरिनोला माणसं आणि पार्सलं नेणारी गाव्रिलची व्हॅन शुक्रवारी निघायची आणि रविवारी सकाळी तिथल्या एका पार्किंगमध्ये उभी राहायची. वीस वर्षं हेच. गावाकडच्या आयांनी दिलेल्या लोणच्याच्या बरण्या ज्याच्या त्याच्या हाती सोपवायच्या, परतीचा माल भरायचा की पुन्हा स्टिअरिंग. त्याची लेक कोरिना तोरिनोतच राहायची. तीही सगळ्यांसारखी पार्किंगमध्ये येऊन बरणी घेऊन जायची.

तिचं लग्न ठरलं. चर्चला निघण्याआधी नवरीनं घरात आईबापांची क्षमा मागायची, मगच उंबरा ओलांडायचा, अशी रीत. आई तर राहिली नव्हती. आणि साखरपुड्याला गाव्रिल हंगेरीच्या सीमेवर रांगेत अडकून पाहुणे गेल्यावर हॉलवर पोचला होता.

"बाबा, या वेळी विमानानं या," कोरिनानं बजावलं. "अकराला घरातून निघायचंय. तुम्ही नसलात तर क्षमा कुणाची मागू, फ्रिजची?"

तिकीट काढताना त्याला कळलं की रस्त्यानं दोन हजार किलोमीटर असलेलं तोरिनो वरून साडेपंधराशेच आहे. झालं, त्याला चैन पडेना. मधले साडेचारशे जातात कुठे? आदल्या दिवशी व्हॅन भरून दुसऱ्या ड्रायव्हरच्या, मितिकाच्या ताब्यात देताना त्यानं हेच विचारलं.

"डोंगराला विचार," मितिका म्हणाला. "आणि दादा, वर बसल्यावर गिअर शोधू नकोस!"

लग्नाच्या सकाळी गाव्रिल खिडकीला नाक लावून बसला. ज्या घाटात त्याची अर्धी रात्र जायची, तो पंखाखालून बघता बघता सरकला. रस्ता सापासारखा वळत होता आणि विमान त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. साडेचारशेचा हिशेब लागला, तसा तो लहान मुलासारखा खूश झाला. व्हॅनमधल्या रिवाजानं त्यानं शेजारच्या बाईंपुढे उकडलेलं अंडं धरलं.

"घ्या हो, पुढं वाटेत काही मिळायचं नाही."

"वाट कुठली? उतरायला लागलोय आपण!"

उतरल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा! त्यानं फोन लावला. "पोरी, थांबू नकोस. तू नीघ. तुझ्या बापाच्या नशिबातच नाही."

"निघू कुठं? बाबा, इथं पावणेदहा वाजलेत. माझे केसही ओले आहेत!"

इटलीचं घड्याळ तासभर मागे असतं, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण त्याचं घड्याळ कायम याशच्या वेळेवर. दोन दिवसांच्या रस्त्यात एका तासाला विचारतो कोण?

सव्वादहाला तो तिच्या दारात उभा राहिला. कोरिनानं त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली आणि चमचा हातात घेऊन थांबली.

"बाबा, साखर किती घालू?"

"एवढंही ठाऊक नाही होय तुला?"

"कसं असणार? वीस वर्षं या शहरात येताय, माझा जिना आज पहिल्यांदा चढलात."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

"दोन चमचे," तो कसाबसा म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं.