कृपया हात लावा!

ज्या कोणी आपल्या लोकांच्या डोक्यात 'हात लावू नका' हे वाक्य खिळे ठोकून बसवलंय, त्याने एकदा समोर यावं. मला त्याच्याशी भांडायचं आहे. तू शाळा असशील, दुकानदार असशील, नाहीतर पाहुण्यांच्या घरातलं शोकेस असशील. जो कोणी असशील, तू लाखो माणसांचे हात पाठीमागे बांधून ठेवलेस आणि ते सोडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं!

मी एका म्युझियममध्ये काम करते. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना सागाची झाडं दाट व्हायला लागतात, तिथे आमचं हे म्युझियम-पार्क आहे. बोरकुटे सरांनी ते उभं केलं. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. इथली प्रत्येक वस्तू हाताळायची, हीच त्यांची कल्पना. दगड उचला, नांगर धरा, मातीच्या घरात शिरा, वाळू उकरून हाडं शोधा. दारावर मोठी पाटी आहे : 'कृपया हात लावा'.

पहिल्या दिवशी सरांनी मला एक जाड रजिस्टर दिलं. म्हणाले, "लोक इथे काय शिकतात, त्याची शास्त्रीय नोंद ठेव." दोन वर्षांत रजिस्टर भरलं. त्यात शास्त्र औषधालाही नाही. मैत्रिणी चहाला जमल्या की म्हणतात, "ते रजिस्टर काढ ना गं!"

तर, काढलं.

*

बल्लारपूरहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुली, आजी. पाचही जण हात मागे बांधून एका रांगेत फिरत होते. धाकटीने नांगराकडे एक बोट नेलं मात्र, बापाने फाटकन हातावर मारलं.

"पिंकी! हात नको लावू!"

हे कुठे म्हणाला? बरोब्बर पाटीखाली उभा राहून!

मी धावत गेले. "काका, लावू द्या तिला. ती पाटी वाचा ना."

त्यांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग मला बाजूला घेतलं आणि चारचौघांत माझी लाज जाऊ नये अशा बेताने हळूच म्हणाले, "मॅडम, 'नका' लिवाचं राह्यलं वाटते."

*

आमच्याकडे डायनासोरच्या पायाचं हाड आहे. प्लास्टरचं, माझ्या खांद्याएवढं. खरी हाडं खाली सिरोंच्याकडे जमिनीतून निघाली, त्यांच्यासारखं बनवून घेतलेलं.

चार महिने त्याला कोणी बोट लावलं नाही. मी रोज ओरडायचे, "या, हात लावून बघा, किती खडबडीत आहे!" लोक लांबूनच मान डोलवायचे. खडबडीत आहे, मान्य!

मग एका सकाळी बघते तर हाडाच्या बुडाशी हळद-कुंकू. दुसऱ्या दिवशी झेंडूचं फूल. आठवड्याने नारळ! मला राग आला. आपण इथे विज्ञान शिकवतो की काय करतो? मी ठळक अक्षरांत नवी पाटी लावली : 'हा देव नाही. हा डायनासोरचा पाय आहे.'

दुपारी एक म्हातारी आली. नातवाकडून पाटी वाचून घेतली. चप्पल काढली, वाकली, दोन्ही हात हाडाला लावले आणि कपाळाला नेले.

"आजी, तो देव नाही हो! पाय आहे नुसता!"

"पायच आहे ना? मंग! हात पायालेच लावतेत ना, बाई?"

चार महिन्यांत हात लावणारं ते पहिलं माणूस होतं.

*

आता या सगळ्यात आमचा जीव कशात अडकला होता, ते सांगते.

अभिप्रायाच्या वहीत एका सद्गृहस्थाने लिहिलं : 'येथे कोणीही कोणत्याही वस्तूस हात लावतो. कर्मचारी बघत उभे असतात. उलट प्रोत्साहन देतात! कडक कारवाई व्हावी.'

पार्कवर एक समिती आहे. समितीच्या साहेबांनी नेमकं हेच पान वाचलं आणि सरांना बोलावलं. मीही गेले.

साहेब म्हणाले, "सगळ्या वस्तूंना काच लावून घ्या."

सर म्हणाले, "साहेब, लोक हातच लावत नाहीत. तेवढ्यासाठीच तर आमची धडपड चालली आहे."

"लावत नाहीत? मग उघडं ठेवून फायदा काय? काच लावा."

मला राहवलं नाही. "सर, आता लावायला लागलेत! कालच एका आजींनी लावला."

"लावायला लागले? मग तुटणार. काच लावा!"

येताना गाडीत सर म्हणाले, "काच आली तरी म्युझियम चालेल गं. पण मग मी तिथे कशाला जाऊ?" या पार्कसाठी आठ वर्षं त्या माणसाने ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मी घरी आले आणि राजीनामा टाईप करून मोबाईलमध्ये ठेवून दिला. पहिली काच बसली की पाठवायचा. कपाटं पुसायला मी एम.ए. केलं नव्हतं.

*

एटापल्लीहून शाळेची सहल आली. साठ मुलं, एक गुरुजी. मुलं बसमधून उतरली ती थेट रांगेतच. मी मनात म्हटलं, रांग असू दे, आज तरी हात लागणार! जंगलातली मुलं, झाडावर चढणारी, माती चिवडणारी!

गुरुजींनी विचारलं, "हात लावण्याचा कार्यक्रम किती वाजता आहे?"

"कार्यक्रम नाही, गुरुजी. त्यांना नुसतं सोडून द्या."

"सोडून?" गुरुजींचा चेहरा पडला. मग त्यांनी मार्ग काढला. हजेरीपट उघडला. "रोल नंबर एक! पुढे ये. दगडाला हात लाव. लागला? मागे हो. रोल नंबर दोन!"

एका दगडाला साठ मुलं. प्रत्येकी एक स्पर्श. पंचेचाळीस मिनिटं! मी खांबाला टेकून माझ्या आयुष्याचा विचार करत होते.

शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी परत आली. "गुरुजी, सतरा नंबर आला नाई आज. त्याच्या वाटचा मी लावू का?"

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "त्याचा अर्ज आणला का?"

*

पुढचा किस्सा सांगण्याआधी एक गोष्ट. आमच्याकडे वाघ ही गंमत नाही. मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत येत नाहीत. म्हणूनच आम्ही मुलांना वाघाची पावलं ओळखायला शिकवतो. खऱ्या मापाचा लाकडी ठसा आहे. ओल्या मातीत दाबला की हुबेहूब पंजा!

एका रविवारी संध्याकाळी ठसा जागेवर नव्हता. सोमवारी सकाळी शेजारच्या गावातून फोन. आमच्या गेटपासून गावच्या हापशीपर्यंत वाघाची पावलं! एकही माणूस शेतावर गेलं नाही. शाळा बंद.

मी पोचले तेव्हा वनरक्षक मडावी भाऊ वाकून मापं घेत होते. वीस-बावीस वर्षांची नोकरी, पाऊल पाहून वाघाचं वय सांगणारा माणूस. मागे सगळं गाव श्वास रोखून उभं. मी वाकून पावलांकडे पाहिलं. प्रत्येक पंजाच्या टाचेत एक बारीक चीर होती. आमच्या ठशाला आहे तीच!

मडावी भाऊ हापशीपर्यंत चालत गेले, परत आले, डोक्यावरची टोपी काढली.

"वाघ मोठा आहे," ते म्हणाले. "पण याले एकच पाय आहे. पुढचा डावा."

मागून कोणीतरी विचारलं, "एका पायावर इतक्या लांब आला?"

"दिसून तं तसंच राह्यलं."

"बापा! मंग तं अजून डेंजर आहे हा!"

मी हात जोडून सगळं कबूल केलं. ठसा हापशीमागच्या झुडपात सापडला. कोण्या पाहुण्याच्या पोरांनी गेटपासून दाबत दाबत नेला होता. गावाने मला यथेच्छ शिव्या दिल्या, त्या माझ्या हक्काच्या होत्या. मडावी भाऊ मात्र गाडीला किक मारताना तेवढं म्हणाले, "मॅडम, बाकीचे तीन पाय पण बनवून घ्या. आमाले रिपोर्ट लिवाले सोपं जाते."

ही बातमी साहेबांपर्यंत पोचलीच. त्यांचा मेसेज आला, एकच शब्द : 'काच!'

*

हा किस्सा छोटा आहे. करोडो वर्षांपूर्वीचं झाड, जमिनीखाली दगड झालेलं. त्याचा ओंडका आम्ही ठेवला आहे. अहेरीकडचा एक शेतकरी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"याच्यात काय पाहाचं? आमच्या घरी आहे ना. माही बायको कपडे धुते त्यावर."

मी सरांना ओढतच आणलं. दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी. खरंच! विहिरीपाशी अख्खा ओंडका, सालीच्या रेघांसकट, साबणाच्या फेसात. सरांचे डोळे पाण्याने भरले. त्यांनी वहिनींना झाडाचं वय सांगितलं.

वहिनी कपडे आपटत म्हणाल्या, "तरीच! इतकी वर्षं झाली, झिजतच नाई!"

सर म्हणाले, "वहिनी, यावर कपडे नका धुऊ. हे फार अनमोल आहे."

"मंग तुमी येता का रोज धुवाले?"

सरांनी शेवटी तह केला. दगड जागेवर राहील, वहिनी धुतील, आणि शेजारी आम्ही माहितीची पाटी लावू. पाटी लावली. छान उंच, लोखंडी, दोन खांबांवर.

मागच्या महिन्यात जाऊन आले. पाटी वाचता आली नाही. तिच्यावर लुगडं वाळत होतं.

*

काच आली नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा राजीनामा अजून मोबाईलमध्येच आहे. काचेची फाईल साहेबांच्या कपाटात आहे, आणि सर ती मागत नाहीत, साहेबही काढत नाहीत. पण काच ज्या दिवशी टळली, तो दिवस असा.

साहेब स्वतः आले. सोबत चंद्रपूरचे सलीमभाई. काच कापण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. कानावर पेन्सिल, हातात टेप. साहेब म्हणाले, "माणसाच्या हातची सगळ्यात जुनी वस्तू कोणती? तिच्यापासून सुरुवात."

सर मागच्या शेडकडे निघाले. तिथे आमची ढेकी आहे. धान कांडायची. लांब जाड लाकूड. एका टोकावर उभं राहून पायाने दाबलं की दुसऱ्या टोकाचं मुसळ वर उचललं जातं, सोडलं की उखळात आदळतं. मिल आल्यापासून या घरोघरच्या ढेक्या चुलीत गेल्या.

शेडमधून आवाज येत होता. धप्प. धप्प. धप्प.

गावातल्या शेवंताबाई ढेकीवर उभ्या होत्या. वरची दोरी धरलेली, पदर खोचलेला. खाली त्यांची जाऊ उखळातलं धान हाताने वरखाली करत होती. बाजूला भरलेलं टोपलं, सूप, कोंड्याचा ढीग.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"धान कांडून राह्यली जी," शेवंताबाई म्हणाल्या. पाय थांबला नाही. "मिलची मोटर जळली ना. संध्याकाळी सोयरे येऊन राह्यले, पोरीले पाहाले. घरी तांदूळ नाई."

"बाई, ही ऐतिहासिक वस्तू आहे!"

"असन. पण चांगली चालते."

"उतरा खाली! हे म्युझियम आहे, असं कोणीही येऊन..."

शेवंताबाईंनी एका हाताने कमरेची पिशवी उघडली आणि दोन तिकिटं काढून दाखवली. "कोणी पण कशी? तिकीट काढलं ना जी. दोघीचं." मग साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं कुठी आहे?"

सर अचानक छपराच्या कौलांचा अभ्यास करू लागले. साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस हट्टी. आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा, इथे आम्हाला काच बसवायची आहे. वस्तू सुरक्षित राहावी म्हणून."

"मंग बसवा ना," शेवंताबाई म्हणाल्या. "मी कुठी नाई म्हणून राह्यली?"

धप्प. धप्प.

माझा अंगठा मोबाईलवर होता.

"सलीमभाई, तुम्ही माप घ्या हो!" साहेब म्हणाले.

सलीमभाईंनी टेप ओढला. लांबी धरली. रुंदी धरली. मग उंची धरायला गेले आणि थबकले. ढेकीला एक चक्कर मारली. वर पाहिलं, शेवंताबाईंचं डोकं खालीवर होत होतं. टेप वर नेला, खाली आणला. दुसरी चक्कर मारली. जाऊबाईंना वळसा घालून तिसरी. कागदावर अजून एकही आकडा नव्हता. कामाचा पक्का माणूस, अंदाजाने काच कापणं त्याच्या स्वभावात नाही.

शेवटी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, साहेबांजवळ गेले आणि अतिशय अदबीने विचारलं,

"साहेब, नाराज नका होऊ, पण एवढं सांगा. बाई आत ठेवाची का बाहेर?"