चिमाआत्याच्या दारातल्या चपला

करुणा तांबे पूर्णगडजवळच्या शाळेत शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी तिला एकच नाद, मोबाईलवर फोटो काढायचा. तेही माणसांचे नाहीत, वस्तूंचे. मागे कोरी भिंत, पुढे एखादीच वस्तू. झिजून बोटभर उरलेली केरसुणी, नाहीतर माहेरचं नाव खोडून सासरचं कोरलेला स्टीलचा डबा. "एवढंच?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "जरा वेळ बघा तरी."

शेजारच्या चिमाआत्याच्या पायरीवर दहा नंबरच्या पुरुषी चपला असायच्या. नवरा मुंबईला कामाला, वर्षातून दोनदा येणारा. घरात बाई एकटी आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये म्हणून आत्याच त्या रोज थोड्या इकडेतिकडे सरकवून ठेवायची. करुणाने तिला विचारूनच फोटो काढला. चिऱ्याची पायरी आणि त्यावर टाचेला जराही न घासलेल्या दोन चपला, बस्स.

फोटो रत्नागिरीतल्या एका प्रदर्शनात लागला. लोकांनी अर्थ विचारला आणि बोलण्याच्या भरात करुणाने सगळं सांगून टाकलं, आत्याच्या नावासकट. सोमवारी ते पेपरात छापून आलं. शाळेत तिने ते वाचलं. आत्याने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं आपण चव्हाट्यावर आणलं!

शाळा सुटताच ती तडक आत्याकडे गेली. पायरीवर चपला नव्हत्या.

"आत्या, चुकलं माझं," ती दारातूनच म्हणाली. "नाव घ्यायला नको होतं मी."

"नकोच होतं," आत्या म्हणाली. "सकाळी असा राग आला होता तुझा! मग वरच्या घरातली सखू आली, हसत हसत. म्हणते, 'चिमा, माझ्या पण दारात तशाच हायत.' तिच्यामागून शालन. पाच घरं निघाली, बाय! जिला तिला वाटायचं, आपणच एकटी."

"मग आता?"

"आता सखू माझ्याकडे झोपायला येणार. सगळ्यांनी एकमेकींचे नंबर घेतलेत. चपला ह्यांना मुंबईला धाडते, वापरतील तरी."

करुणाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "पुढच्या वेळी बोलायच्या आधी विचारीन."

"विचार हां. आता आत ये, घावणे गार होतायत."

सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. ती चुलीपाशी बसली आणि एकामागून एक चार घावणे खाऊन मगच उठली.