हिरवं पाणी आणि नानांची दहाची वेळ

दोन कूलर, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर आणि पाणी तपासायची ही फोटोतली पेटी, एवढं मी स्वतःच्या हातांनी बनवलंय. शिक्षण दहावी.

चार दिवसांपूर्वी धुळ्यातल्या देवपूरच्या एका स्विमिंग पुलावर बोलावणं आलं. पाणी हिरवंगार. मालक शेठ म्हणाले, "क्लोरीनची पावडर पोत्याने आणून देतो, तरी हे हाल. नाना बाहेर विकत असतील."

नाना म्हणजे तिथले साठीचे राखणदार. ते शेजारीच उभे होते.

मी पाणी तपासलं. क्लोरीन शून्य, पीएच ८.२, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त. नानांना बाजूला नेऊन विचारलं, पावडर कधी टाकता?

"सकायले दहा वाजता, भाऊ. शेठ येतस तवय त्यास्ना डोयासमोर बठ्ठी टाकस. कोनी चोर म्हनाले नको."

शेठ आले की त्यांच्या डोळ्यांसमोर सगळी पावडर टाकायची, घोटाळा इथेच होता. धुळ्याच्या उन्हात दहाला टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. खरेपणा दिसावा म्हणून नाना नेमकी चुकीची वेळ पाळत होते.

आधी ॲसिडने पीएच ७.४ वर आणला, भिंती घासल्या. पावडर रोज ऊन उतरल्यावर नानांनीच टाकली. आज तळाच्या फरशीचे सांधे मोजता येत होते. शेठनाही सगळं समजावून सांगितलं.

तुम्हीही कोणावर संशय घेण्याआधी, तो काम कसं करतो हे त्याला एकदा विचारता का?

निघताना शेठ म्हणाले, "नानांना आता घरी बसवतो. त्यांच्या जागी तुम्ही या, महिना अठरा हजार."

मी नाही म्हणालो; नानांची जागा घ्यायला मी आलो नव्हतो.